‘जर’ आणि ‘तर’ यांच्यामधला दुवा : ग्रीक तर्कशास्त्रातील एक वाद

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतले तेव्हापासून रोमची छाया ग्रीसवर पडू लागली तोपर्यंतच्या, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीपासून तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या काळात, अथेन्स आणि अलेक्झांड्रिया या नगरांतील तत्त्वचिंतकांमध्ये एक वाद चालू राहिला, आणि तो सोपाधिक विधानांविषयी होता. ‘जर दिवस असेल, तर उजेड आहे’ अशा घडणीच्या विधानाला सोपाधिक विधान म्हणतात. त्यातील ‘जर’पासून सुरू होणारा भाग हे त्याचे पूर्वांग आणि ‘तर’पासून सुरू होणारा भाग हे उत्तरांग. पूर्वांगाला उत्तरांगाशी जोडणारा दुवा नेमका कोणता, तो पक्का केव्हा मानावा, आणि तो पक्का असल्यास त्याच्या आधारे कोणता निष्कर्ष काढण्याचा अधिकार मिळतो, हे या वादातले प्रश्न होते. निष्कर्षाचे नियम तुलनेने लवकर ठरले आणि आजही ते जवळजवळ त्याच रूपात शिकवले जातात. ‘जर’चा अर्थ मात्र ठरला नाही, तो ठरवू पाहणाऱ्यांना असे आढळून आले की या छोट्या अव्ययाला हात घातला की भविष्यकाळ, दैव आणि मनुष्याचे स्वातंत्र्य या प्रश्नांनाही हात घालावा लागतो.

या वादापूर्वी तर्कशास्त्राची जी बांधणी झाली होती ती ॲरिस्टॉटलची (इ.स.पू. ३८४–३२२). त्याच्या संवाक्याचे, म्हणजे दोन आधारविधानांवरून तिसरे विधान सिद्ध करणाऱ्या युक्तिवादाचे, घटक ‘मनुष्य’, ‘प्राणी’, ‘मर्त्य’ यांसारखी पदे होती. ‘सर्व मनुष्य प्राणी आहेत’ या विधानात दोन पदांचा संबंध सांगितलेला असतो आणि संवाक्य त्या संबंधांची साखळी जोडते. संपूर्ण विधानांना एकमेकांशी जोडणाऱ्या ‘जर-तर’चे वेगळे शास्त्र त्याने रचले नाही, तरी त्यातला धोका त्याने अचूक ओळखला होता. वितंडवाद्यांच्या चुकांची चिकित्सा करणाऱ्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की पाऊस पडल्यावर जमीन ओली होते, म्हणून जमीन ओली दिसताच पाऊस पडून गेला असे लोक धरून चालतात. मध पिवळा असतो, म्हणून पिवळे पित्त पाहून त्याला मध समजतात. उत्तरांग खरे आहे एवढ्यावरून पूर्वांग खरे मानण्याचा हा दोष आहे. भारतीय नैयायिकांनी हाच धोका आपल्या परिभाषेत स्वतंत्रपणे हाताळला होता. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती मान्य करूनही, जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो, आणि धूर निघण्यासाठी ओल्या इंधनाची उपाधी लागते, हे ‘तर्कसंग्रहा’चा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. ग्रीकांच्या चर्चेतही धूर हे अग्नीचे चिन्ह म्हणून येतो, हे दोन्ही परंपरा वाचणाऱ्याला लक्षणीय वाटल्याशिवाय राहत नाही.

‘जर-तर’च्या शास्त्राची सुरुवात ॲरिस्टॉटलच्या शिष्यांपेक्षा त्याच्या विरोधकांच्या वर्तुळात झाली. सॉक्रेटिसचा शिष्य युक्लिडीज याने अथेन्सजवळच्या मेगारा नगरात एक संप्रदाय स्थापन केला होता आणि त्या परंपरेत प्रश्नोत्तरांच्या द्वंद्वाला मोठे महत्त्व होते. ‘मी खोटे बोलत आहे’ या विधानाचा कूटप्रश्न मांडणारा युब्युलिडीज याच परंपरेतला. तिच्याशी जोडलेल्या पुढच्या पिढीतील सर्वांत समर्थ तर्कपंडित म्हणजे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील इयासोस गावचा डायोडोरस क्रोनस, जो इ.स.पू. २८४च्या सुमारास मरण पावला. त्याच्या पाच मुली होत्या आणि पाचही जणी तर्कविद्येत निपुण होत्या, असे प्राचीन लेखक नोंदवतात. मेनेक्सेनी, आर्जिया, थिओग्निस, आर्टेमिसिया आणि पँटाक्लेइया ही त्यांची नावे टिकून राहिली, पण त्यांचे विचार टिकले नाहीत, ही या इतिहासातील खरी हानी आहे. डायोडोरसच्या शिष्यांत दोन नावे महत्त्वाची ठरली. एक फिलो, ज्याने गुरूचे मत नाकारले. आणि दुसरा सायप्रसमधील सिटियमचा झेनो, ज्याने पुढे इ.स.पू. ३००च्या सुमारास अथेन्समधील चित्रांकित स्तंभमंडपात, स्टोआमध्ये, शिकवायला सुरुवात करून स्टोइक संप्रदायाचा पाया घातला.

सोपाधिक विधान केव्हा सत्य, या प्रश्नाला फिलोने दिलेले उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे होते. पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य अशी स्थिती असेल तेव्हाच ते विधान असत्य. उरलेल्या तिन्ही स्थितींत सत्य. इ.स.च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील संशयवादी लेखक सेक्स्टस एम्पिरिकस, ज्याच्या ग्रंथांमुळे हा वाद आपल्यापर्यंत पोहोचला, तो फिलोच्या मताची उदाहरणेही देतो : ‘जर पृथ्वी उडत असेल, तर पृथ्वीला पंख आहेत’ यात दोन्ही अंगे असत्य, तरी विधान सत्य, ‘जर पृथ्वी उडत असेल, तर पृथ्वी अस्तित्वात आहे’ हेही सत्य, आणि दिवसाउजेडी उच्चारलेले ‘जर दिवस असेल, तर रात्र आहे’ हे तेवढे असत्य. या व्याख्येत पूर्वांगाचा उत्तरांगाशी काही आशयाचा संबंध असण्याची अपेक्षाच नाही. त्यामुळे भर दुपारी उच्चारलेले ‘जर रात्र असेल, तर दिवस आहे’ हे विधानही सत्य ठरते, कारण त्याचे पूर्वांग असत्य आहे, आणि सूर्य मावळताच तेच विधान असत्य होते.

डायोडोरसला हे मान्य होणे शक्य नव्हते. सोपाधिक विधान हे क्षणाक्षणाला सत्यासत्य बदलणारे असेल तर त्याच्यावर अनुमान उभारता येणार नाही, ही त्याची अडचण होती. म्हणून त्याने अट कडक केली : पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य अशी स्थिती आता शक्य नाही आणि पूर्वीही कधी शक्य नव्हती, असे असेल तरच विधान सत्य. ‘जर दिवस असेल, तर मी बोलत आहे’ हे विधान, वक्ता दिवसा बोलत असताना, फिलोच्या कसोटीला उतरते. डायोडोरसच्या कसोटीला उतरत नाही, कारण दिवस असताना वक्ता गप्प राहू शकतो. कॅलिमाखस या अलेक्झांड्रियाच्या कवीने आपल्या एका लघुकाव्यात घरांच्या छपरांवरचे कावळेसुद्धा या प्रश्नात गुंतल्याचा उल्लेख केला आहे, यावरून वादाचा गाजावाजा विद्वानांच्या वर्तुळाबाहेरही गेला होता हे उघड होते.

तथापि डायोडोरसच्या कसोटीत एक खोल अडचण दडलेली होती. ज्याचे पूर्वांग नेहमीच असत्य आहे असे प्रत्येक सोपाधिक विधान तिच्यामुळे आपोआप सत्य ठरते. ज्यांचे आणखी भाग पडत नाहीत असे मूलकण आहेत, असे डायोडोरस मानत होता. तेव्हा त्याच्या दृष्टीने ‘जर वस्तूंचे अविभाज्य घटक नसतील, तर वस्तूंचे अविभाज्य घटक आहेत’ हे स्वतःलाच खोडणारे विधान सत्य मानावे लागते. दुसरी अडचण ‘शक्य’ या कल्पनेची होती. डायोडोरसच्या ‘प्रधान युक्तिवादा’त तीन विधाने समोर ठेवली होती : भूतकाळाविषयीचे प्रत्येक सत्य अनिवार्य असते, शक्य गोष्टीपासून अशक्य गोष्ट निष्पन्न होत नाही, आणि जे आज सत्य नाही व पुढेही होणार नाही असेही काही शक्य असते. ही तिन्ही एकत्र टिकू शकत नाहीत, असे दाखवून त्याने तिसरे सोडले, आणि ‘जे आहे किंवा होणार आहे तेवढेच शक्य’ असा निष्कर्ष काढला. याचा परिणाम मनुष्याच्या आचरणापर्यंत पोहोचतो, कारण जे घडणार नाही ते शक्यच नव्हते असे ठरले तर ‘दुसरे काही करता आले असते’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

झेनोनंतर क्लीअँथीज आणि त्याच्यानंतर सोली गावचा क्रिसिपस (सु. इ.स.पू. २८०–२०६) हे स्टोआचे प्रमुख झाले, आणि वादाची खरी पुनर्रचना क्रिसिपसने केली. तो ७०५हून अधिक ग्रंथांचा कर्ता होता आणि त्यांतले ३००हून अधिक तर्कशास्त्रावर होते, असे डायोजेनीस लाएर्शियस हा चरित्रकार लिहितो. देवांना तर्कशास्त्र असते तर ते क्रिसिपसचेच असते, अशी त्याची प्राचीन काळी ख्याती होती. क्लीअँथीजने प्रधान युक्तिवादातील पहिले विधान सोडले होते. क्रिसिपसने दुसरे सोडले, आणि त्यासाठी त्याने दिलेले उदाहरण प्राचीन तर्कशास्त्रातील सर्वांत सूक्ष्म उदाहरणांपैकी एक आहे. डिऑनकडे बोट दाखवून म्हटलेले ‘जर डिऑन मेला असेल, तर हा मेला आहे’ हे विधान सत्य आहे. डिऑन कधीतरी मरणार, म्हणून पूर्वांग शक्य आहे. पण ‘हा’ म्हणून बोट दाखवायला डिऑन जिवंत असावा लागतो, तो मेल्यावर बोट दाखवण्यासारखे कोणी उरत नाही, म्हणून ‘हा मेला आहे’ हे उत्तरांग कधीच सत्य होऊ शकत नाही. अर्थात शक्य गोष्टीपासून अशक्य गोष्ट निष्पन्न होऊ शकते. हे उदाहरण पटो वा न पटो, जे घडणार नाही तेही शक्य मानण्याची मोकळीक ठेवण्यासाठी त्याने किती बारकाईने वाट काढली हे त्यातून दिसते.

सोपाधिक विधानाची तिसरी व्याख्या, जिला सेक्स्टस कोणाचे नाव देत नाही पण जी रोमन लेखक सिसेरो याच्या चर्चेवरून बहुतेक अभ्यासक क्रिसिपसची मानतात, ती दुव्याच्या स्वरूपावर बोट ठेवते. उत्तरांगाचा निषेध पूर्वांगाशी विसंगत असेल, म्हणजे दोन्ही एकत्र उभे राहू शकत नसतील, तरच विधान सत्य. ‘जर दिवस असेल, तर उजेड आहे’ हे या कसोटीला उतरते, कारण ‘उजेड नाही’ आणि ‘दिवस आहे’ यांचा विरोध आहे. ‘जर दिवस असेल, तर डिऑन चालत आहे’ हे उतरत नाही, कारण डिऑन चालत नसला तरी दिवसाचे काही बिघडत नाही. अविभाज्य घटकांविषयीचे ते विचित्र विधानही येथे असत्य ठरते, कारण ‘घटक नाहीत’ याचा ‘घटक नाहीत’ याच्याशी विरोध होऊ शकत नाही.

या व्याख्येवर स्टोइकांनी अनुमानाची इमारत उभारली. ज्यांना आणखी सिद्ध करण्याची गरज नाही असे पाच मूलभूत युक्तिवाद क्रिसिपसने मांडले, आणि त्यांत विधानांच्या जागी ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ हे क्रमवाचक शब्द वापरले. पहिला : जर पहिले, तर दुसरे, पहिले आहे, म्हणून दुसरे आहे. दुसरा : जर पहिले, तर दुसरे, दुसरे नाही, म्हणून पहिले नाही. तिसरा : पहिले आणि दुसरे दोन्ही एकत्र नाहीत; पहिले आहे; म्हणून दुसरे नाही. चौथा आणि पाचवा ‘एकतर पहिले किंवा दुसरे’ या विकल्पावर चालतात, ज्यात दोहोंपैकी नेमके एकच खरे असते. एक असल्याचे कळले तर दुसरे नाही, आणि एक नसल्याचे कळले तर दुसरे आहे. सोपाधिक विधानावर उभे असलेले पहिले दोन युक्तिवाद हेच आजच्या पाठ्यपुस्तकांतील पूर्वांगाच्या स्वीकाराचा आणि उत्तरांगाच्या निषेधाचा नियम होत. ओल्या जमिनीवरून पावसाचा निष्कर्ष काढणे किंवा पाऊस पडला नाही म्हणून जमीन कोरडी असणार असे म्हणणे या पाचांपैकी कशातही बसत नाही, आणि त्यांपासून रचताही येत नाही. शिकाऱ्याच्या कुत्र्यालाही पाचवा युक्तिवाद येतो, हे क्रिसिपसचे निरीक्षण सेक्स्टसने नोंदवले आहे : सावजाच्या मागावर असलेला कुत्रा तिवाट्यावर येतो, दोन वाटा हुंगतो, त्यांवर वास मिळाला नाही की तिसऱ्या वाटेने न हुंगताच धावत सुटतो.

गुंतागुंतीचे युक्तिवाद या पाचांपर्यंत आणण्यासाठी स्टोइकांनी विश्लेषणाचे नियमही केले होते, आणि त्यांचा उपयोग कसा होई याचे एक सविस्तर उदाहरण टिकून आहे. ‘जर पहिले आणि दुसरे, तर तिसरे, तिसरे नाही, पहिले मात्र आहे, म्हणून दुसरे नाही’ असा युक्तिवाद घेतला, तर त्याच्यात आधी दुसरा मूलभूत युक्तिवाद लावता येतो, कारण ‘पहिले आणि दुसरे’ हे जोडविधानच पूर्वांग आहे आणि उत्तरांगाचा निषेध दिलेला आहे, त्यावरून ‘पहिले आणि दुसरे दोन्ही एकत्र नाहीत’ हे मिळते. मग पहिले असल्याचे माहीत असल्यामुळे तिसरा मूलभूत युक्तिवाद लावून दुसरे नाही हे सिद्ध होते. मधले विधान कोठेही उच्चारलेले नसते, तरी ते सूचित असते आणि निष्कर्षाच्या मार्गातली पायरी म्हणून वापरता येते. गणितातील सिद्धता ज्या रीतीने पायरीपायरीने पुढे जाते त्याचे हे स्पष्ट भान दोन हजार वर्षांपूर्वी होते, ही गोष्ट आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे.

याच काळात वैधता आणि सत्य यांतला भेदही स्पष्ट झाला. दिवसा कोणी म्हणाले, ‘जर रात्र असेल, तर अंधार आहे, रात्र आहे, म्हणून अंधार आहे’, तर युक्तिवाद वैध आहे, कारण निष्कर्ष आधारविधानांपासून निघतो, पण तो सत्य नाही, कारण एक आधारविधान असत्य आहे. वैधतेची कसोटीही पुन्हा सोपाधिक विधानाकडेच नेते : सर्व आधारविधाने ‘आणि’ने जोडून पूर्वांग करावे, निष्कर्ष उत्तरांग करावा, आणि तयार झालेले ‘जर-तर’ विधान सत्य असेल तर युक्तिवाद वैध. यावरून ‘जर’च्या अर्थावरचा वाद शब्दांचा कीस नव्हता हे दिसते, फिलोची व्याख्या घेतली तर एक, आणि क्रिसिपसची घेतली तर दुसरीच गोष्ट ‘वैध’ ठरते.

फिलोच्या व्याख्येचे पुढे काय झाले हे सिसेरोने इ.स.पू. ४४मध्ये लिहिलेल्या ‘दैवाविषयी’ या ग्रंथातून कळते, आणि तेथे या वादाची खरी किंमत उघड होते. ज्योतिषी म्हणत : व्याधाच्या ताऱ्याच्या उदयाच्या वेळी ज्याचा जन्म झाला तो समुद्रात मरणार नाही. याचे ‘जर फाबियस त्या वेळी जन्मला असेल, तर तो समुद्रात मरणार नाही’ असे रूपांतर केले, तर क्रिसिपस अडचणीत येतो. फाबियसचा जन्म होऊन गेला, भूतकाळातले सत्य अनिवार्य असते हे क्रिसिपसला मान्य आहे, मग त्यापासून पक्क्या दुव्याने निघणारे उत्तरांगही अनिवार्य होते आणि फाबियसचे समुद्रात मरणे अशक्यच होते. क्रिसिपस दैव मानत होता, पण जे घडणार नाही ते अशक्य असते हे त्याला मान्य नव्हते. म्हणून त्याने ज्योतिष्यांना सांगितले की त्यांनी ‘जर-तर’ न वापरता ‘अमुक मनुष्य व्याधाच्या उदयाला जन्मला आणि तो समुद्रात मरेल, असे दोन्ही एकत्र होत नाही’ असे म्हणावे. या दुसऱ्या घडणीचा आशय फिलोच्या सोपाधिक विधानाशी तंतोतंत जुळतो. क्रिसिपसने फिलोचा दुबळा संबंध नाकारला नाही. त्याला ‘जर’ या शब्दाखालून काढून ‘दोन्ही एकत्र नाही’ या वेगळ्या विधानात बसवले, आणि नुसते सोबत आढळणे व खरोखर निष्पन्न होणे यांच्यात भिंत घातली. सिसेरोला ही युक्ती हास्यास्पद वाटली. मग वैद्यांनी नाडीवरून तापाचे निदान आणि भूमितिज्ञांनी गोलावरील मोठी वर्तुळे एकमेकांना दुभागतात हा सिद्धांतही असाच फिरवून सांगावा काय, असे तो विचारतो. पण ज्योतिषाची निरीक्षणे आणि भूमितीचे सिद्धांत एकाच ‘जर’मध्ये कोंबू नयेत, हेच क्रिसिपसचे म्हणणे होते, आणि या ठिकाणी न्याय क्रिसिपसच्या बाजूचा आहे.

क्रिसिपसचे ग्रंथ काळाच्या ओघात जवळजवळ सर्व नाहीसे झाले. इ.स.च्या सहाव्या शतकात सिंप्लिशियस हा भाष्यकार स्टोइकांचे बहुतेक लेखन आता मिळत नाही अशी नोंद करतो. ॲरिस्टॉटलचे भाष्यकार टिकले, आणि स्टोइकांची मते विरोधकांच्या खंडनातून, सेक्स्टसच्या संशयवादी ग्रंथांतून आणि गेलन या वैद्याच्या लहानशा तर्कप्रवेशातून तेवढी उरली. तो तर्कप्रवेशही मिनोइडीस मायनास याला अथोस पर्वतावरील हस्तलिखितांत सापडला आणि १८४४मध्ये पॅरिसला छापला गेला. मध्ययुगीन विद्यापीठांत बोईथियसच्या सोपाधिक संवाक्यांवरील ग्रंथामार्फत विषयाचा काही भाग जिवंत राहिला. १८५५पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या पाश्चात्त्य तर्कशास्त्राच्या इतिहासात कार्ल प्रांटल याने स्टोइकांना ॲरिस्टॉटलची निर्बुद्ध नक्कल करणारे ठरवले, आणि हा अन्याय बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. पदांच्या तर्कशास्त्राच्या चष्म्यातून विधानांचे तर्कशास्त्र वाचल्यावर ते निरर्थक दिसणारच होते.

हे वाचन पोलंडच्या यान वुकाशेविच याने १९३४मध्ये मोडून काढले. ॲरिस्टॉटलच्या अक्षरांच्या जागी पदे येतात आणि स्टोइकांच्या ‘पहिले-दुसरे’च्या जागी संपूर्ण विधाने येतात, म्हणून ही दोन भिन्न शास्त्रे आहेत आणि स्टोइकांचे शास्त्र हे आधुनिक विधानीय तर्कशास्त्राचे प्राचीन रूप आहे, हे त्याने दाखवले. त्याआधीच अमेरिकेतील चार्ल्स सँडर्स पर्स याने या जुन्या वादाची आठवण करून देऊन स्वतःला फिलोच्या पक्षात गणले होते, आणि गॉटलोब फ्रेग याने १८७९च्या आपल्या चिन्हलिपीत सोपाधिक विधानाला दिलेला अर्थ फिलोचाच होता. १९५३मध्ये बेन्सन मेट्स याच्या स्टोइक तर्कशास्त्रावरील ग्रंथाने उपलब्ध उताऱ्यांचा काटेकोर अभ्यास मांडला. गणिताने फिलोची व्याख्या स्वीकारली, कारण ती मोजमापाला सोपी आणि सिद्धतांना पुरेशी आहे. पण तिच्यातली जुनी खटकणारी बाब तशीच राहिली. सी. आय. लुईस याने १९१२पासून, पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य असणे अशक्य असावे, अशी कडक अट सुचवली, तेव्हा अशक्य पूर्वांगापासून काहीही निघते ही डायोडोरसचीच अडचण पुन्हा उभी राहिली. ती टाळण्यासाठी ॲलन अँडरसन आणि न्युएल बेल्नॅप यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पूर्वांग आणि उत्तरांग यांचा आशय एकमेकांशी संबद्ध असलाच पाहिजे असा नियम घालून एक स्वतंत्र तर्कपद्धती रचली, आणि या पद्धतींचे अभ्यासक आजही क्रिसिपसच्या विसंगतीच्या अटीकडे वळून तिचा नेमका अर्थ काय होता यावर वाद घालतात.